अंगठा जुळत नाही

आमच्या चुलत्यांचा सरकार वर्षातून तीनदा सन्मान करतं. शाल-श्रीफळाच्या फंदात न पडता थेट खात्यात २,००० रुपये टाकतं. पंतप्रधान किसान सन्मान निधीचा पहिला हप्ता फेब्रुवारी २०१९ मध्ये निघाला, तेव्हा वर्षाचे ६,००० होते. आजही तेवढेच आहेत. महागाईने हवं तेवढं चढावं, सन्मानाने आपली पातळी सोडू नये, असं धोरण दिसतं. पुण्य एकट्या केंद्राच्या पदरी पडू नये म्हणून २०२३ मध्ये राज्याने 'नमो शेतकरी' योजनेचे आणखी ६,००० जोडले. दोन्ही मिळून दिवसाला ३३ रुपयांना काही पैसे कमी. दोघांचा चहा होतो. तिसरा आला तर त्याने आपल्या सातबाऱ्यावर प्यावा.

यंदा चुलत्यांचा हप्ता अडकला. ई-केवायसी राहिलं होतं. मी सोबत गेलो. सेवा केंद्रातल्या पोराने काळी डबी पुढे सरकवली.

"आबा, अंगठा ठेवा."

ठेवला. लाल दिवा. धोतराला पुसून ठेवला. पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. "केसांतून बोट फिरवा, जरा तेलकट झालं की घेतंय," पोराने अनुभवाचा सल्ला दिला. चुलत्यांनी टोपी काढली, तर खाली टक्कल. मागे उभ्या असलेल्या गड्याने मोठ्या मनाने आपलं डोकं पुढे केलं. त्याचाही उपयोग झाला नाही.

मी तो अंगठा उजेडात धरून पाहिला. रेषा अशी उरलेलीच नाही. खुरप्याची मूठ टेकते तिथे घट्टा, बाजूला चिरा, चिरांत काळी माती, आणि नखाची कड कांद्याच्या रोपांनी हिरवट झालेली. हा माणूस शेतकरी आहे हे आंधळ्यालाही हात लावून कळेल. यंत्राला तेवढं कळेना. माझ्या अंगठ्याला मात्र फोन एका स्पर्शात उघडतो. मी आयुष्यात कुंडीतली कोथिंबीरही जगवलेली नाही.

ही तपासणी उगीच आली असं नाही. जुलै २०२० पर्यंत २० लाखांवर अपात्र लोकांच्या खात्यात १,३६४ कोटी रुपये गेल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्यातले निम्म्याहून अधिक चक्क प्राप्तिकर भरणारे! त्यांनी ओरपलं, आणि ठसे आमच्या चुलत्यांचे घेणं चाललंय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती ही.

बरं, मिळालेल्या २,००० चं होतं काय? १,३५० ची डीएपीची एक गोणी, उरलेल्यात फवारणीचं औषध. औषधावर १८ टक्के जीएसटी. सन्मानाचा थोडा प्रसाद असा पुन्हा देवळात जातो.

तिसऱ्या खेपेला पोराने मोबाइल तोंडासमोर धरला. आता चेहऱ्यावरही केवायसी होतं. "आबा, डोळे मिटा, उघडा." चुलत्यांनी मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत, रात्री पाण्याची पाळी होती, उभ्या उभ्या डुलकी लागली. हलवून जागं केलं, तेव्हा हिरवा दिवा आला.

तीन खेपांचं एसटीभाडं, केंद्राचे पैसे आणि बुडालेला रोज वजा जाता सन्मान किती उरला, हे चुलत्यांनी मोजलं नाही. वाचकांपैकी कुणाचे काका-मामा गावाकडे शेती करत असतील, तर त्यांना एवढंच कळवा: केवायसीची तारीख जवळ आली की पंधरा दिवस शेतात जाऊ नका. अंगठा वाचेल.