नितळ पाण्यासाठी आमिष कसे निवडावे: नागपूरकर नवशिक्यांकरिता

सर्वप्रथम मासा निवडावा. बहुतेक नवशिके उलट करतात. आधी ऑनलाइन डबा मागवतात, त्यात चाळीस आमिषं निघतात, आणि मग ही नेमकी कुणाला खाऊ घालायची याचा शोध सुरू होतो. उत्तर डब्यावरच छापलेलं असतं: बास. लार्जमाउथ बास हा मूळचा अमेरिकेतला मासा. व्हिडिओत तो ज्या तळ्यात पकडतात तिथे तळाचे गोटे मोजता येतात आणि बोटीत गालिचा अंथरलेला असतो. हा मासा अंबाझरीत नाही, फुटाळ्यात नाही, रामटेकच्या खिंडसीतही नाही. महाराष्ट्राचा अधिकृत राज्यमासा २०२३ पासून पापलेट आहे, पण ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपल्यावरही समुद्र थोडा उरतोच, तेव्हा तोही विचार सोडावा.

उरते मरळ. सापासारखं डोकं, जबड्यात दात, काठच्या गवतात दबा धरून बसायचं आणि वरून काही हललं की झडप घालायची. थोडक्यात, बासचं सगळं काम मरळ करते, फक्त तिच्या नावानं डबे विकत नाहीत. उलट तिच्या चिनी चुलतभावाला अमेरिकेत गुन्हेगाराची वागणूक मिळाली. २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात तो सापडला, तेव्हा तिथल्या सरकारनं तळ्यात औषध ओतून सगळे मासे मारले. आपल्याकडे मरळ तळ्यातून रश्श्यात जाते. पद्धत आपापली.

पाणी निवडणे

नितळ पाण्याचं आमिष निवडायचं तर आधी नितळ पाणी हवं. नागपुरात हा धडा सगळ्यात लांब आहे.

पाणी नितळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजलं. तलावांचं पाणी आजही असंच मोजतात. तुम्ही घरातलं स्टीलचं ताट घ्या. ताटाला भोकं पाडू देणारं घर विदर्भात नाही, म्हणून ते कांद्याच्या जाळीदार पिशवीत घाला, सोबत एक दगड, आणि दोरीनं खाली सोडा. लग्नात आत्यानं दिलेलं, तिचं नाव कोरलेलं ताट उत्तम. ताट दिसतंय तोवर पाणी बरं. ताटावरचं आत्याचं नाव वाचता येतंय तोवर नितळ.

आता हे ताट घेऊन शहरातून फिरा. अंबाझरीवर जलपर्णी बाजूला सारण्यातच सकाळ जाईल. ज्यांना अजून शुक्रवारी तलाव म्हणायची सवय आहे त्या गांधीसागरात आत्याचा आहेर फार खाली जाऊ न देता वर ओढावा, कारण दिसेनासा झाल्यावर तो कशाला अडकला ते कळत नाही. फुटाळ्यावर माशांपेक्षा चाटवाले जास्त, आणि ताट पाण्यात सोडणाऱ्या माणसाभोवती पाच मिनिटांत पंधरा माणसं जमतात. शहरातलं हे पाणी गढूळ नाही, हिरवं आहे. सांडपाण्यासोबत येणारं खत खाऊन शेवाळ माजतं. त्यात कोणत्या रंगाचं आमिष चालेल हा प्रश्न तात्त्विक ठरतो.

खरं नितळ पाणी पेंचच्या तोतलाडोह धरणात आहे. तिथे ताट सोडू नका, गळ तर नकोच. ते राष्ट्रीय उद्यान आहे, व्याघ्र प्रकल्प आहे, आणि तिथल्या मासेमारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मध्य प्रदेश शासनानं उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना दिलेले ३०५ परवाने हा त्याचा मुद्दा होता. १९९७ च्या निकालात न्यायालयानं त्यावर अटींची यादीच लावली. पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला जिथे इतका कागद लागला, तिथे तुम्ही 'रविवार आहे म्हणून आलो' असं सांगून पाहू नये. तरी मन घट्ट करायचं असेल तर एक लक्षात ठेवा: पेंचचंच पाणी शुद्ध होऊन नागपूरच्या नळाला येतं. म्हणजे शहरातलं सर्वांत नितळ पाणी तुमच्या मोरीत आहे. मासा तेवढा नाही.

म्हणून गाडी काढावी आणि रामटेक किंवा भंडाऱ्याकडच्या गावतळ्यांवर जावं. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत. पावसाळ्यात त्यांत शेतातली माती उतरते. दिवाळीनंतर ती खाली बसते आणि ज्या तळ्यात पाणवनस्पती शाबूत आहेत तिथे आत्याचं नाव सुरेख वाचता येतं. तळं मोकळं दिसलं तरी ते मोकळं नसतं. बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि मत्स्यबीज त्यांनी पदरच्या पैशानं सोडलेलं असतं. आधी संस्थेला विचारा. नाही म्हणाले तर चहा घेऊन परत या, तेही शिक्षणच आहे.

रंग

आता डबा उघडा. आत पोपटी, गुलाबी, जांभळा, पिवळ्यावर लाल ठिपके, पाठीवर चमकी. एवढे रंग कशाला, याचं उत्तर मासा देत नाही, गल्ला देतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बास माशांना रंग शिकवून पाहिले. लाल आणि हिरवा त्यांना चांगला ओळखता येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत गोंधळ होतो, निळा आणि काळाही वेगळा कळत नाही. मरळीची अशी परीक्षा घेतलेली माझ्या वाचनात नाही, पण ती दुकानदारापेक्षा रंगांची जास्त दर्दी असेल असं वाटत नाही.

लालाची दुसरी अडचण आहे. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषतं, हिरवा-निळा खोलवर जातो. त्यामुळे दुकानात झळकणारा लाल मासा खोलीवर काळपट होतो. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाची पाठ माशाला दिसतच नाही. तो खालून पाहतो, त्याला उजेडाविरुद्ध पोट आणि सावली तेवढी दिसते. पाठीवरची नक्षी, ठिपके, डोळ्याभोवतीचं काजळ हे सगळं तुमच्यासाठी आहे.

तेव्हा नितळ पाण्यासाठी नियम असा: जे त्या तळ्यात राहतं त्या रंगाचं घ्या. मातकट, शेवाळी, चंदेरी पोटाचं. चाळीसपैकी तीसेक इथेच बाद झाली. ती लेकरांना द्या, अर्थात गळ काढून.

आवाज आणि आकार

पोटात छर्रे भरलेली, ओढली की खुळखुळणारी आमिषं गढूळ पाण्यासाठी असतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक संवेदी रेषा असते, तिनं त्याला पाण्यातली थरथर कळते. दिसत नाही तिथे तो त्यावर शिकार करतो. नितळ पाण्यात तो तुमचा खुळखुळा ऐकतो आणि वर पाहूनही घेतो. म्हणून तीही बाद. मोठी बाद, जड बाद, पडताना धबकन वाजणारी बाद.

उरतो एक रबरी बेडूक: पोकळ पोटाचा, दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे गवतावरून ओढला तरी अडकत नाही. मरळ ही गवतातली, म्हणून हाच तिचा. तिला हवा घ्यायला अधूनमधून वर यावं लागतं. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. पाण्यावर 'टप्' आवाज आणि एक गोल तरंग दिसला की ती तिथे आहे. बेडूक तिच्या डोक्यावर टाकू नका, पलीकडे टाका आणि तिच्या वाटेनं आणा. पाणी फुटलं की हात लगेच झटकायचा नाही. तिला तो नीट तोंडात घेऊ द्या, मग ओढा. नवशिक्यांना हे दहादा सांगितलं तरी अकराव्यांदा ते झटकतातच.

दोरा, सावली आणि मामा

आमिषापेक्षा नितळ पाण्यात तुम्ही जास्त दिसता. माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून. काठावर उभा राहिलेला, भगवा टी-शर्ट घातलेला, मोबाइलवर बोलणारा माणूस त्या खिडकीत ठळक दिसतो. बसलेला, मागे सरकलेला माणूस खिडकीच्या कडेला दबून जवळपास नाहीसा होतो. म्हणून बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाय आपटू नका, जमिनीची थरथर पाण्यात जाते. दोरा बारीक आणि फ्लुओरोकार्बनचा घ्या. त्याचा प्रकाश वाकवण्याचा गुणांक १.४२ आहे, पाण्याचा १.३३, आणि साध्या नायलॉनचा त्याहून बराच जास्त, म्हणून नायलॉन पाण्यात जास्त चमकतो.

हे सगळं पाळलं की मागून आवाज येईल, "काय भाऊ, लागली काय?" आवाज मोठाच असेल. हे गृहस्थ प्रत्येक तळ्यावर असतात, त्यांचं वय कितीही असो त्यांना मामा म्हणावं. ते कधीच गळ टाकत नाहीत, पण मागच्या साली याच जागी कुणाला किती किलोची लागली होती ते त्यांना ठाऊक असतं, आणि किलो दर वाक्याला वाढतात. त्यांना बिस्किट देऊन बसवावं. बसलेला मामाही खिडकीत कमी दिसतो.

एखादा जुना ढिवर बाजूला असेल तर मात्र त्याचं ऐका. तो तुमचा बेडूक हातात घेऊन उलटापालटा पाहील आणि म्हणेल, "थे रबराचं हाय काय? मंग घरी ठेवा, लेकरं खेळतीन." त्याच्या गळाला एक लहानशी कोतरी असते, जिवंत.

त्याचं म्हणणं जगाच्या पातळीवरही तपासता येतं. बासचा विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्यानं १९३२ मध्ये जॉर्जियात केला, सुमारे दहा किलोंचा मासा. आमिष लाकडी होतं, आणि सांगतात की त्यानं आणि त्याच्या मित्रानं मिळून तेवढं एकच नेलं होतं. मासा घरी नेऊन खाल्ला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यानं या विक्रमाची बरोबरी केली, ती जिवंत माशाच्या आमिषावर. म्हणजे नकली विरुद्ध जिवंत असा हा सामना ७७ वर्षांनी बरोबरीत सुटला आणि दोघांपैकी कुणाच्याही बाजूला चाळीस आमिषांचा डबा नव्हता.

संध्याकाळपर्यंत काही लागलं नाही तर परतीच्या वाटेवर भोईपुऱ्यातल्या मासळीबाजारात थांबावं. मरळ हवेत श्वास घेते, म्हणून टबात जिवंत मिळते. तिथे रंगाचा प्रश्न येत नाही, साफ करूनही देतात.

एक सूचना मात्र गंमत सोडून. पावसाळा मरळीच्या विणीचा काळ. तेव्हा गवताच्या कडेला पाण्यावर केशरी-लाल पिलांचा एक थवा उकळताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप पहाऱ्यावर असतात आणि थव्यावरून जाणाऱ्या कशावरही तुटून पडतात, तुमच्या बेडकावरही. डब्यातलं सगळ्यात वाईट आमिषही तेव्हा चालतं, आणि व्हिडिओवाले नेमकं तेच दाखवतात. ते पालक उचलले की उरलेल्या पिलांचा इतर मासे फडशा पाडतात. तिथे दोरा गुंडाळा आणि दुसऱ्या काठाला जा.