झाकणाऱ्यास अनावृत पत्र

श्री. रा. रा. बॉनेटखालचे कलावंत यांस,

सा. न. वि. वि.

पत्र अनावृत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. उघडी राहिलेली कुठलीच गोष्ट आपल्याला बघवत नाही, हे माझी पद्मिनी आपल्याकडून घरी आली त्याच दिवशी कळलं होतं.

गाडी काकांची, १९८७ सालची. १०८९ सीसीचं इंजिन, हाताने ओढायचा चोक, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. आपल्याकडे सोडली तेव्हा तिच्या बॉनेटखाली लाल वायरीला निळी जोडलेली होती, निळीला ट्यूबलाइटची पांढरी, आणि हॉर्नला चक्क गणपतीच्या माळेतली हिरवी. ती काकांनी कुठल्याशा अनंत चतुर्दशीनंतर लावली आणि मग राहूनच गेली. तेव्हा वायरिंग आवरायला हवं होतं याबद्दल माझं दुमत नाही. मी ‘आवरा’ म्हणालो होतो. आपण ‘लपवा’ ऐकलंत.

दोन महिन्यांनी आपण आमच्या दारात बॉनेट उचललंत आणि अख्खी सोसायटी खाली उतरली. आत आरशासारखा रंग, मधोमध इंजिन, आणि वायर म्हणाल तर औषधाला नाही. शेजारच्या काकांनी चष्मा पुसून विचारलं, “अहो, पण करंट येतो कुठून?” आपण नुसते हसलात. ते हसू मला तेव्हा नम्रतेचं वाटलं होतं.

या कलेला ‘वायर टक’ म्हणतात, हे नाव आपल्याच तोंडून ऐकलं. अमेरिकेत होंडा सिव्हिक सजवणाऱ्या पोरांनी ती फार वाढवली. वायरी मडगार्डच्या पोटात, फायरवॉलच्या मागे, डॅशबोर्डच्या खाली न्यायच्या. बॉडीवरची नको ती भोकं बुजवायची. वरून रंग द्यायचा. त्यातल्या कित्येक गाड्या प्रदर्शनाला ट्रेलरवरून जातात आणि ट्रेलरवरूनच परत येतात. माझ्या गाडीत मात्र आपण पेट्रोल भरून दिलंत. घोटाळा तिथून सुरू झाला.

पहिल्या सकाळी चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिनने एक उसासा टाकला आणि चोकच्या केबलमधून धूर आला. मी नॉबला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. आमच्या चौकातल्या इलेक्ट्रिशियनने बॉनेटखाली मान घालून एवढंच विचारलं, “इंजिनची अर्थची पट्टी कुठाय?” इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, आणि तो सगळा करंट बॅटरीकडे परत जायला इंजिनपासून बॉडीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते. दिसायला ती ओबडधोबड, म्हणून आपण ती काढलीत, आणि जिथे ती बसायची त्या जागेवरही तो आरशासारखा रंग मारलात. रंगातून करंट जात नाही. मग त्याने दिसेल ती वाट धरली, आणि दिसली चोकची केबल. पट्टी चाळीस रुपयांची होती. रंग खरवडताना इलेक्ट्रिशियनचा जीव तीळतीळ तुटला, एवढा तो सुंदर होता.

मग हेडलाइट. मी हौसेने ६० वॉटचे हॅलोजन बसवले होते आणि त्यांच्याशेजारी एक रिले. काड्यापेटीपेक्षाही लहान काळी डबी, पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीवरून दिवा, आणि मधल्या दोघांवर स्विचचा थोडासा करंट. बास, एवढंच तिचं काम. ती डबी दिसते म्हणून आपण तिला निवृत्त केलंत आणि दिव्यांचा सगळा करंट एक चौरस मिलिमीटरच्या वायरीने फायरवॉलमागून मडगार्डमधून तीर्थयात्रेला धाडलात. वाट चार मीटरने वाढली. दोन दिव्यांचे मिळून दहा अँपिअर धरले तर या वाढीव वाटेतच सुमारे पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, आणि उजेड जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरतो. रात्री समोरचे लोक मला डिपर देत नाहीत, कीव करतात.

डावा दिवा तर उजव्याहूनही मंद होता, म्हणून मडगार्डचं आतलं पान उघडलं. तिथे पत्र्याला आपण पाडलेलं भोक होतं. त्याला रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याच्या कडेने वायरीवर नखाने ओरखडावं तशी रेघ पाडली होती, अजून तांबं दिसत नव्हतं एवढंच. तिच्यापुढे वीतभर अंतरावर जोड होता: दोन टोकं पिळलेली, वर टेप. चाकाने उडवलेला चिखल त्यात शिरला होता. टेपचा डिंक सुटून बोटाला चिकटला आणि आतलं तांबं पितळेच्या विसरलेल्या तांब्यासारखं हिरवं पडलेलं. बाहेरून रंग अर्थातच आरशासारखा.

पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलण्याची परंपरा आमच्या घरातही आहे, त्यामुळे मी आपल्याला फार बोलू शकत नाही. आमच्या जुन्या वाड्यात भिंतीवर लाकडी पट्टी होती आणि पट्टीवर वायर. दिवा गेला की आजोबा खुर्चीवर चढून बोट फिरवत पोचायचे. फ्लॅटमध्ये आलो, वायरिंग भिंतीत गेलं, आणि पहिल्याच आठवड्यात वडिलांनी घड्याळासाठी खिळा नेमका वायरीत मारला.

पण वायरींच्या रंगांचं तेवढं माफ होत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट, जर्मन गाड्यांत तीच तपकिरी म्हणजे अर्थ. दोघांचं भांडण असेल, पण दोघांनाही रंग लागतात. आपण सगळ्या वायरी काळ्या केल्यात. अगदी सगळ्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, “क्लीन दिसतं.” मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. तोवर त्यांचे ड्रायव्हर भर पावसात बॉनेट उघडून, दातांनी वायर सोलून दहा मिनिटांत पुढचं भाडं घेत होते. त्यांना वायर दिसत होती हो. सुबक करण्याला माझा विरोध नाही. जाड वायर, प्रत्येक भोकाला ग्रोमेट, बॅटरीजवळ फ्यूज, दाबून बसवलेली थिंबलं, टोकांना चिठ्ठ्या आणि एक कागदी नकाशा, असं करणारेही कारागीर आहेत. त्यांच्याही वायरी दिसत नाहीत, पण सापडतात.

गेल्या महिन्यात साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला इंजिन गप्प. दिवे आहेत, हॉर्न आहे, ठिणगी नाही. खाली पारगाव-खंडाळ्याहून मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं, टेस्ट लॅम्प हातात धरला आणि तो कुठे टेकवावा हेच त्याला कळेना. बराच वेळ तो त्या रंगात स्वतःचं तोंड बघत राहिला. मग म्हणाला, “साहेब, हिच्यात वायरिंग टाकायचं राहिलंय.”

शेवटी त्याने कॉइलची जुनी वायर सोडवली आणि दुकानातली लालभडक वायर बॅटरीवरून थेट कॉइलला लावली, इंजिनच्या डोक्यावरून, आपल्या आरशाला आडवी. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. तेव्हापासून किल्लीचा आणि इंजिनचा संबंध संपला आहे. इंजिन बंद करायचं तर मी खाली उतरतो, बॉनेट उघडतो आणि वायर उपटतो. सिग्नलवर लोक बाजूला येऊन मदत हवी का विचारतात.

तरी विनंती एवढीच, की किल्लीपासून कॉइलकडे जाणारी काळी वायर आत नेमकी कुठे जोडली आहे, तेवढं कळवावं. नकाशा काढला असेल तर फोटो पाठवा. नसेल तर स्वतः या, चहा ठेवतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पद्मिनीचा मालक

ता. क. : यायचं तर लवकर या. उंदराला ती वायर सापडली आहे. रोज सकाळी डाव्या मडगार्डखाली काळ्या प्लास्टिकचा चुरा पडलेला असतो.