वडिलोपार्जित लाकडी बैल : निगा, वापर आणि वाटणी

भंडारा जिल्ह्यात ज्या घराच्या नावावर सातबारा नाही, त्या घरातही बैल असतो. तो चारा मागत नाही, शेण टाकत नाही आणि एक दिवस सोडला तर वर्षभर माळ्यावर निवांत पडून असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्याला खाली काढतात, पुसतात, सजवतात आणि घरातल्या लहानग्याच्या हाती त्याची दोरी देतात. एवढ्या महत्त्वाच्या मालमत्तेबद्दल कुठल्याही शासकीय खात्याने अजून परिपत्रक काढलेले नाही. पशुसंवर्धन खाते त्याला पशू मानत नाही आणि वन खात्याच्या दृष्टीने तो झाड राहिलेला नाही. म्हणून ही जबाबदारी आम्ही आपण होऊन पत्करली आहे.

पहिली पायरी वय ठरवण्याची. बैल गेल्या वर्षी बाजारातून आणला असेल तर ही मार्गदर्शिका येथेच मिटावी आणि चाळीस वर्षांनी उघडावी. बैल आजोबांच्या काळातला असेल तर पुढे वाचावे. बैल भोसल्यांच्या काळातला आहे असे घरात सांगत असतील तर थोडे थांबावे. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असे सांगतात. त्यांच्या वाड्यातल्या भल्यामोठ्या लाकडी नंदीची आजही पूजा होते. भंडाराही १८५३ पर्यंत भोसल्यांच्याच राज्यात. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक तिसऱ्या घरातल्या बैलाचे नाते थेट वाड्याशी जोडले जाते. अशा वेळी वाद घालू नये. बैल उलटा करावा आणि चाके त्याच्या पायाखालच्या पाटाला कशाने बसवली आहेत ते पाहावे. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर विषय संपला, कारण तो स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाला. तरीही काका म्हणतील, ‘चाकं मागाहून बसवली, बैल जुनाच.’ हे उत्तर खोडून काढता येत नाही. ते लिहून ठेवावे, पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.

बैल उलटा केलाच आहे, तर पोटही पाहून घ्यावे. पाठीवर रंगाचे थर असतात, पोटावर रंगाऱ्याने कंजुषी केलेली असते, म्हणून लाकूड तिथे बोलते. जुन्या वाढयांनी, म्हणजे सुतारांनी, बैल घडवताना सागाचा गाभा घेतला असेल तर पोट तपकिरी, गुळगुळीत आणि जड लागते. पांढुरके लाकूड दिसले, त्यात मोहरीएवढी भोके असली आणि ठोकल्यावर पिठासारखा भुसा गळला, तर बैलाला भुंगा लागला आहे. गाभ्याला किडा सहसा शिवत नाही, बाहेरचे पांढरे लाकूड मात्र तो आवडीने खातो. ज्या वाढयाने पांढरे लाकूड खपवले त्याच्या नावाने आता बोटे मोडण्यात अर्थ नाही. त्याने तुमच्या पणजोबांकडून पैशाऐवजी पायलीभर धान घेतले असणार, आणि त्या भावात गाभा मिळत नव्हता.

बैलाच्या मापाबद्दलही लोक उगाच मनाला लावून घेतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात माणसापेक्षा उंच नंदी येतात, ते बघून आलेला पाहुणा तुमच्या वीतभर बैलाकडे दयेने पाहतो. पाहू द्यावे. वीतभर बैल काखेत मावतो, एसटीत तिकीट लागत नाही आणि रडणाऱ्या पोरासकट उचलून घरी आणता येतो.

आता रंग. हौशी सुनेने किंवा पुण्याहून आलेल्या भाच्याने ‘याचं ओरिजिनल लाकूड बाहेर काढू या’ असा प्रस्ताव मांडला की घरातल्या वडीलधाऱ्याने ताबडतोब खोकावे. बैल खरवडणे म्हणजे घराचा इतिहास पॉलिशपेपरने पुसणे. शिंगाच्या बुडाशी जिथे टवका उडालेला असतो तिथे नीट पाहिले तर सगळे दिसते. सर्वांत आत गेरू आणि चुना. त्यावर पांढरा ऑइलपेंट, म्हणजे घरात पहिली नोकरी लागली तेव्हाचा. त्यावर निळा, कारण त्या वर्षी खिडक्यांना निळा दिला होता आणि डबा उरला होता. सर्वांत वर सोनेरी, तो धाकट्या काकांनी लग्नाच्या वर्षी लावला आणि त्यावरून मोठ्या काकूंनी दोन दिवस अबोला धरला. हे थर जपावेत. नवा रंग द्यायचाच असेल तर वरून द्यावा, आणि कुठला द्यायचा यावर भांडण झाल्याशिवाय देऊ नये.

शिंग किंवा कान तुटलेला असेल तर बैल अस्सल आहे. दोन्ही शिंगे, दोन्ही कान शाबूत असलेला बैल कुणाच्या बालपणात वापरलाच गेला नाही, त्याला वारसा म्हणायला आमची हरकत आहे. तुटक्या कानाच्या जागी एम-सीलचा गोळा बसवू नये. फेविकॉलने काडेपेटीची काडी चिकटवू नये. तो कान कुणी तोडला हे घरात सर्वांना ठाऊक असते आणि तो माणूस आज बँकेत मॅनेजर असला तरी दर तान्ह्या पोळ्याला त्याला ते ऐकावे लागते. कान दुरुस्त झाला तर ही सोय जाईल.

दोरीबद्दल मात्र गंमत नाही. दोरी मानेला बांधू नये, पाटाला पुढे भोक पाडून तिथे बांधावी. मान हा बैलाचा सर्वांत अशक्त भाग. तिथे लाकडाचे रेषे आडवे कापले गेलेले असतात, आणि सिमेंटच्या रस्त्यावर एक हिसका बसला की मुंडके वेगळे होते. घरोघरी हे शास्त्र आजी एका वाक्यात शिकवतात, ‘अबे, मानेले नोको बांधू, पाटाले बांध!’ अभियांत्रिकी महाविद्यालयात याला एक अख्खे सत्र लागते.

जतनाचा प्रश्न पूर्वी सोपा होता. चुलीच्या वर माळा, माळ्यावर बैल. बारा महिने धूर लागायचा, बैल काळवंडायचा आणि किडा फिरकायचा नाही. मग २०१६ साली उज्ज्वला योजना आली. घरातल्या बाईचे डोळे वाचले, ते झालेच पाहिजे होते, पण बैलाचा धूर बंद झाला. तेव्हापासून माळ्यावरचा बैल सर्वस्वी तुमच्या हवाली आहे. जवसाचे तेल कापडाच्या बोळ्याने पातळ लावावे, ते लाकडात मुरते आणि हवेवर सुकून कडक होते. घरात टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल आहे म्हणून ते फासू नये. ते सुकत नाही, चिकट राहते आणि उंदरांना आमंत्रण जाते. पावसात बैल ओला झाला तर उन्हात ठेवू नये. वरचे लाकूड आधी वाळते, आतले ओलेच राहते आणि पोटाला उभी भेग जाते. सावलीत, वाऱ्याला ठेवावा, आणि पुसून कोरडा झाल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये.

हे ओले होण्याचे प्रकरण आपल्याकडे हसण्यावारी नेता येत नाही. २०२० साली कोरोनामुळे तान्हा पोळा चौकात भरलाच नाही. त्यानंतर अकरा-बारा दिवसांनी, ऑगस्ट संपता संपता, मध्य प्रदेशातल्या धरणांचे पाणी सुटले आणि वैनगंगा भंडारा शहरात आणि काठच्या गावांत शिरली. वाळलेले सागवान पाण्यावर तरंगते, तांदळाची कोठी तरंगत नाही. अशा वेळी बैलाची काळजी सर्वांत शेवटी करावी, तो आपला आपण वर येतो. गोसीखुर्द धरणाच्या बाबतीत मात्र पाणी वर्दी देऊन आले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे बुडीत क्षेत्रातली गावेच्या गावे उठली. जेव्हा गाव उठते तेव्हा घर मोजतात, झाडे मोजतात, विहीर मोजतात. माळ्यावरच्या बैलाचा रकाना कुठल्याच पंचनाम्यात नसतो. म्हणून स्थलांतराच्या ट्रकमध्ये बैल भांड्यांच्या पोत्यात घालू नये, पोराच्या मांडीवर द्यावा. नव्या गावठाणात मारुतीचे देऊळ उभे राहायला वेळ लागतो. बैल असला की तान्हा पोळा पहिल्याच वर्षी भरवता येतो.

वाटणी. येथे वाचकांनी पाणी पिऊन यावे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, आणि ती एका अधिसूचनेत आटोपली. बैलाची वाटणी तशी होत नाही, कारण शेतातले बैल जोडीने असतात, पण लाकडी बैल बहुतेक घरांत एकच असतो. भावांनी त्याला सालदार समजावे. एक साल थोरल्याकडे, एक साल धाकट्याकडे. अडचण एवढीच की ज्याच्याकडे बैल असतो त्याला पोळ्याच्या तोंडावर हमखास विसर पडतो, आणि मग फोन येतो, ‘दादा, यंदा पण बैल तुमच्याकडेच रायते का?’ या प्रश्नातल्या ‘पण’वर दादांनी रागावू नये. घरी आत्या असेल तर तिचेही ऐकावे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. शेताच्या बाबतीत आत्याने हक्कसोडपत्र लिहून दिले असेल, बैलाच्या बाबतीत दिलेले नाही. तिची नात दोरी ओढायला आली तर ‘हे पोरांचं काम’ असे म्हणणाऱ्याला आम्ही वारसांच्या यादीतून वगळतो.

भाऊ परदेशात असेल आणि बैल तिकडे न्यायचा म्हणत असेल, तर बैलाचे वय पुन्हा तपासावे लागेल. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे कोरीव काम पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा इतकी वर्षे गावभर ‘दोनशे वर्षांचा, भोसल्यांच्या काळातला’ म्हणून सांगितलेला बैल विमानतळावर ‘गेल्या वर्षी घेतला, साहेब’ म्हणून दाखवायची वेळ येते. तिथे फुलीच्या खाचेचा स्क्रू कामी येतो. तो काढून जुन्या बनावटीचा खिळा ठोकण्याची हौस कुणी केली असेल तर बैल गावातच राहील.

काचेच्या कपाटाचा मोह अनेकांना होतो. आत बैल, खाली वेल्वेट, वर दिवा. आमचा याला साफ विरोध आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातल्या जोड्या विकल्या गेल्या. पुष्कळ घरांत पोळ्याला पुजायला आता हाच एक बैल उरला आहे, आणि त्याला कुलपात घातले तर पोराने ओढायचे काय? कपाटातल्या बैलाला झीज लागत नाही हे खरे, पण त्याच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. भुंग्याने पोट पोखरले हे कळते ते सहाव्या वर्षी, भुसा वेल्वेटवर सांडल्यावर. दरवर्षी खाली येणारा बैल दरवर्षी उलटापालटा होतो, त्याच्या पोटाकडे कुणीतरी पाहतेच.

बक्षिसाची आशा धरू नये. चौकातला तान्हा पोळा सजावटीवर जातो आणि परीक्षकांना थर्माकोलचा डोंगर, त्यावर शंकर आणि शंकराच्या जटेतून मोटारीने उडणारे पाणी दिसले की वीतभर बैल नजरेत भरत नाही. आपल्या पोराला हे आधीच सांगून ठेवावे. नंतर सांगितले तर त्याला ते सांत्वन वाटते आणि तो आणखी रडतो.

राहता राहिला बोजारा, म्हणजे दारी आलेल्या मुलांना द्यायचे पैसे. तोरण सुटले की मुले बैल घेऊन दारोदारी येतील. दारात आलेल्या बैलाचे माप पाहून रक्कम ठरवू नये, आणि ‘मागच्या वर्षी हाच बैल तुझ्या भावाने आणला होता ना’ अशी चौकशी करू नये. हो, हाच आणला होता. बाकी निगा चुकली तरी चालेल, पण तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बँकेतून किंवा किराण्याच्या दुकानातून दहाच्या नोटांचे एक बंडल आणून ठेवा. दोनचे नाणे देणाऱ्या घराचे नाव मुले पुढच्या वर्षीपर्यंत विसरत नाहीत.