धावड्यात ओव्हन पॅनकेक: नवशिक्यांसाठी ७ सोप्या पायऱ्या

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात आठ माणसांचं घर तव्यावरच्या धिरड्यांनी अर्ध्या तासात जेवून उठतं. इतक्या मुकाट्याने होणाऱ्या कामाचं कौतुक कोण करणार? तेव्हा पदर खोचा.

१. आधी भिंत बघा. दीड-दोन हजार वॅटच्या ओव्हनला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. घरात ते एकच, आणि त्याला पिठाची चक्की लावलेली. चक्की काढा. दळण उद्या.

२. तीन अंडी, अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी दूध, चिमूटभर मीठ. फेटून पाव तास ठेवा. सोडा नको, आतली वाफच पॅनकेक फुगवते. आत्याबाईंच्या गळ्यात माळ असेल, तर हे शास्त्र त्यांना ऐकवू नका. त्यांचं पान वेगळं मांडा.

३. ओव्हन २२० अंशांवर तापवा, लोखंडी कढईसकट. तापल्या कढईत लोणी सोडा, पीठ ओता, दार लावा. वीस मिनिटं उघडू नका. लाईट गेली, तरी धीर सोडू नका. घरच्या इन्व्हर्टरला ओव्हन ओढवत नाही. तुम्ही फक्त काचेतून बघत राहा.

४. आता पाक. कॅनडात मेपलचा साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर पाक निघतो. आपल्याकडे आटवण्याचं काम गुऱ्हाळवाल्याने आधीच केलंय. वाटीभर गूळ, अर्धी वाटी पाणी, सुंठ, वेलदोडा, उकळा, गाळा. बोटाला चिकटला की उतरवा. जास्त आटला, तर त्याची गोळी होते. पोरांना वाटा आणि हेच ठरलं होतं म्हणा.

५. बाहेर काढताच पॅनकेक दोन मिनिटांत बसतो. म्हणून मोबाईल आधी, फडकं नंतर. चटका बसलाच, तर बिचाऱ्या तुम्ही! पण हात फोटोत येऊ देऊ नका.

६. एका कढईत दोघांचं भागतं. आठ जणांच्या चार फेऱ्या, म्हणजे दोन तास. चौथी जोडी जेवते तोवर पहिलीला पुन्हा भूक लागते. शेतातून आलेला माणूस चार घासांत आपला वाटा संपवून विचारेल, "जेवायला काय केलंय?" भाकरी आणि ठेचा तयार ठेवा.

७. फोटो पाहून पुण्याची नणंद कृती मागेल. लगेच पाठवा, फक्त सहावी पायरी गाळून. तुम्हाला जिने पाठवली, तिनेही तेच केलं होतं.