गाडीची चावी महागात हरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गाडीची चावी कुणीही हरवू शकतो. ती भरपूर खर्चात हरवायची तर पूर्वतयारी लागते, आणि ती शोरूममधून बाहेर पडल्या दिवसापासूनच सुरू करावी.

पायरी पहिली. नव्या गाडीसोबत सहसा दोन चाव्या मिळतात. त्यांतली दुसरी इतकी जपून ठेवावी की ती घरात कुणालाच सापडू नये. चाव्यांना क्रमांक कोरलेली छोटी पट्टी अडकवलेली असेल, तर ती काढून फेकावी. त्या क्रमांकावरून मूळ मापाची चावी कापता येते आणि आपला सगळा बेत फसतो.

पायरी दुसरी, जागेची निवड. नाशिककरांना त्यासाठी लांब जायला नको. पाहुण्यांना रामकुंडावर न्यावे, चावी शर्टाच्या खिशात ठेवावी आणि पाण्यावर वाकावे. दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीतली नाणी काढणारी मुले तिथे दिसतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची, म्हणून चिकटतात; चावीचे पाते बऱ्याचदा पितळेचे किंवा त्याच जातीच्या मिश्रधातूचे असते, त्याला चुंबकाचे काही देणेघेणे नसते. सिंहस्थात तर वाकायचेही कष्ट नकोत, गर्दीच काम उरकते.

पायरी तिसरी: गाडी बेताने निवडावी. जुनी मारुती ८०० असेल तर सगळी मेहनत वाया जाते. पदपथावरचा चावीवाला कोरे पाते कुलपात घालून हलवतो, बाहेर काढून उजेडात धरतो, पात्यावर उमटलेल्या बारीक खुणांवर कानस फिरवतो आणि पुन्हा घालतो. असे करता करता कुलूप फिरते, आणि खर्चही किरकोळच होतो.

इमोबिलायझर असलेल्या गाडीत मात्र नुसत्या पात्याने दार उघडते, इंजिन चालू राहत नाही. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. तो जुळला तरच गाडी चालते. म्हणजे चावी कापायची आणि वर तिची गाडीशी ओळखही करून द्यायची. कारागीर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडतो आणि बिल हजारांत जाते. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर आकडा आणखी वर.

पायरी चौथी: एक चावी हातात असताना दुसरी करून घेण्याचा मोह टाळावा. चालू चावीवरून जोडचावी करणे सोपे आणि स्वस्त असते. दोन्ही हरवल्या की गाडी टो करून न्यावी लागते किंवा कारागिराला गाडीपाशी बोलवावे लागते. शिवाय एकाच ठिकाणी भाव विचारून थांबावे. अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि गाड्यांच्या चाव्यांचा स्वतंत्र कारागीर यांच्या दरांत बरीच तफावत असते. ती कळली तर पैसे वाचण्याचा धोका आहे.

पायरी पाचवी: चावी चोरीला गेल्याचा संशय असला तरी हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीतून पुसून घेऊ नये, ज्याला सापडेल त्याचीही सोय व्हावी. विम्याची कागदपत्रे चाळू नयेत, कारण त्यात चावी बदलून देण्याचे जादा संरक्षण घेतलेले निघू शकते. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात, ही गोष्टही तोवर ऐकू नये.

शेवटची पायरी सगळ्यांत सोपी. प्रामाणिक कारागीर काम घेण्याआधी आरसी आणि ओळखपत्र मागतो. आरसी गाडीतच, बंद काचांच्या आत ठेवावी. फक्त मोबाइलमध्ये डिजिलॉकर नाही ना, एवढे तपासून घ्यावे. त्यात आरसी असली तर कारागीर लगेच कामाला लागेल.