खिशातला फुगवटा

आमचे ह्यूस्टनचे साडू पाइपलाइनच्या नळ्यांची जाडी काढण्यात आयुष्य घालवत आलेत. त्यांनी कुणावर आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही. मेहुणीसमोर तर तो फुटतच नाही. अशा माणसाने रिव्हॉल्व्हर घेतलं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय हत्यार जवळ बाळगता येतं. साडूंनी तरीही रीतसर परवाना काढला. म्हणाले, "कागद असलेला बरा."

रिव्हॉल्व्हर पटकन ठरलं. स्मिथ अँड वेसनचं ६४२. पॉइंट ३८ स्पेशलच्या पाच गोळ्या, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि कपड्यात अडकू नये म्हणून घोडा आतल्या आत दडवलेला. खरी चिकित्सा सुरू झाली ती स्पीडलोडरपाशी, म्हणजे पाच गोळ्या उडवून झाल्यावर पुढच्या पाच एका दमात सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या साधनापाशी. एका दमात काम उरकणारी ही वस्तू निवडायला माझा अख्खा मुक्काम पुरला नाही.

मी पाहुण्या व्हिसावर. तिथल्या कायद्याप्रमाणे काही अपवाद सोडले तर अशा माणसाने बंदूक बाळगायची नाही. तेव्हा माझ्या वाट्याला आले खिसे. नकली गोळ्या भरलेला स्पीडलोडर खिशात घालून मी हॉलभर फिरायचं आणि साडूंनी सोफ्यावरून निरीक्षण करायचं. ते सडपातळ, मी नाही. "दोन्ही टोकांचं माप मिळतं," असा त्यांचा इंजिनिअरी युक्तिवाद.

पहिला आला एचकेएस. मागची मूठ पिळली की गोळ्या सुटतात. स्वस्त, दणकट, पण गोळ्या त्यात जराशा डुलतात. पाचांची तोंडं पाच भोकांवर एकदम आणायची म्हणजे कसरत. दुसरा सेफारीलँडचा कॉम्प वन. पिळायचं नाही, नुसतं आत दाबायचं, की गोळ्या खाली. गोळ्याही घट्ट बसतात. साडू खूश. मात्र दोघांचाही घेर असा, की खिशात कुणी बुंदीचा लाडू लपवल्यासारखं दिसावं. रिव्हॉल्व्हर पातळ हवं म्हणून सहाऐवजी पाच गोळ्यांवर समाधान मानायचं आणि शेजारच्या खिशात हा ऐवज मिरवायचा! मी तीनदा येरझारा घातल्यावर मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, खिशात काय कोंबलंय?" लपवण्याच्या परीक्षेचा निकाल लागला.

पुढची अडचण रिव्हॉल्व्हरच्या मुठीची. साडूंनी हौसेने लाकडी मूठ बसवली होती. सिलिंडर डावीकडे उघडतो आणि स्पीडलोडर नेमका त्या मुठीच्या खांद्याला अडतो. मग गॅरेजमध्ये पॉलिश पेपर निघाला. साडू दोन घासे मारायचे, फुंकर घालायचे, लोडर लावून बघायचे, पुन्हा घासायचे. तळहाताला लाकडाचा तांबूस भुगा, कपाळावर भिंग. शेवटी लोडर सरळ आत गेला तेव्हा मुठीची एक बाजू चंद्रकोरीसारखी खोल गेली होती आणि सगळी शोभा जमिनीवर पडली होती.

एवढं करून वेग मिळतो म्हणावं, तर आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा दांडाही आखूड. रिकाम्या पुंगळ्या तो पुरत्या बाहेर ढकलत नाही. नळी आभाळाकडे करून दांड्यावर तळहाताची थाप मारायची, पुंगळ्या गळू द्यायच्या, मग नळी खाली करून नव्या गोळ्या. साडूंचा आदर्श जेरी मिक्युलेक. १९९९ साली या गृहस्थाने सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या, सगळं मिळून २.९९ सेकंदांत. मी सुचवून पाहिलं, की तो वापरतो मून क्लिप, जी गोळ्यांसकट आतच राहते. शिवाय त्याचं रिव्हॉल्व्हर मोठं आणि तो मिक्युलेक आहे. शेवटचा मुद्दा साडूंना लागला.

अखेरीस रबरी पट्टी आली. एका ओळीत गोळ्या टोचलेल्या, चपट्या. दोन-दोन करून भरायच्या, म्हणजे वेगाच्या नावाने शंखच. पण जीन्सच्या त्या चिमुकल्या नाण्यांच्या खिशात अशी बसते की असल्याचा पत्ता लागू नये. माझं मत पट्टीला. मला विचाराल तर या सगळ्या खरेदीत सेकंदांपेक्षा शिंप्याचा अधिकार मोठा. साडूंनी तिन्ही घेतले.

आता हे सगळं लावून जायचं कुठे? ऑफिसच्या इमारतीत हत्याराला बंदी. कॉस्टकोला आपल्या दुकानात बंदूक नको. महाराष्ट्र मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये, आणि शाळेत तर कायद्यानेच मनाई. उरलं संध्याकाळी कुत्र्याला फिरवणं. त्या वेळी साडू हाफ पँट घालतात, इलास्टिकची. उजव्या खिशात रिव्हॉल्व्हर टाकलं, तशी पँट उजवीकडून निघाली. तोल साधायला डावीकडे कॉम्प वन टाकला, तर ती दोन्हीकडून निघाली. कुत्रा दारात ताटकळत उभा, साडू दोन्ही हातांनी पँट धरून, पट्टा धरायला हात नाही. मेहुणीने काही न बोलता सेफ्टी पिन घेतली आणि पँटमध्ये नाडी ओवायला बसली.