गाडी कुठवर आली?

मंगरूळपीरला रेल्वे नाही, त्यामुळे वाट पाहण्याचं आमचं सगळं शिक्षण बसस्थानकावर झालेलं. शेलूबाजारला समृद्धीवर चढून थेट मुंबईकडे निघायचं, हे जून २०२५पासून जमू लागलं आणि तेव्हापासून काका मुंबईला बाजूचं गाव समजतात. लेकीच्या बाळंतपणासाठी काका-काकूंना दुबईला जायचं होतं. सोबत मी, कारण मला म्हणे ‘त्या इमानातलं समजते’. निघताना काकूंनी दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यात आणि बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरात, दोन्हीकडे माथा टेकला. एवढी तयारी करून मुंबई विमानतळावर पोचलो, तर रात्री २.५०चं विमान फलकावर ४.३०चं झालेलं.

मी ॲप उघडलं. काका सरळ गेटवरच्या मुलीकडे गेले.

“बाई, गाडी कुठवर आली?”

ती गडबडली. पण प्रश्न नेमका वर्मावर बसला होता. विमान दुबईहूनच उशिरा सुटलं होतं आणि तेच परत जायचं होतं. माझ्या ॲपला याचा पत्ता नव्हता.

साडेचाराचे सहा झाले. मी नियम वाचायला घेतले. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांच्या वर उशीर झाला, तर खाणंपिणं कंपनीकडून. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तर हॉटेलची खोली. नुसत्या उशिराचे पैसे नाहीत. आयत्या वेळी उड्डाणच रद्द केलं, तर एवढ्या लांबच्या प्रवासाला दहा हजार किंवा मूळ भाडं अधिक इंधन-आकार, यांत जे कमी असेल ते. तेही धुकं-बिकं आडवं आलं नसेल तर.

“मंग कॅन्सलच करा म्हना!” काका.

मला गप्प राहवेना. म्हटलं, फ्रँकफर्टहून निघून मुंबईला चार तास उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असली, तर माणशी ६०० युरो मिळतात. काकांनी डोळे मिटून हिशोब केला. त्यांचं चलन सोयाबीन.

“बारा क्विंटल तरी झाले की बे! ना पेरनी, ना फवारनी?”

“मंग तिकडूनच कायले नाई निघालो आपन?” काकू.

कुपनावर मिळालेलं सँडविच इतकं गार होतं, की काकूंनी ते आधी कपाळाला लावलं. मग सुरक्षा तपासणीत दोनदा हुंगून परत मिळालेला डिंकाच्या लाडवांचा डबा निघाला. एक लाडू गेटवर गेला. त्यानंतर विमानाची बातमी फलकाच्या आधी काकांना कळू लागली.

“अन् तक्रार करायची तं कुठं? दुबईले?”

“नाही काका. २०१९च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकीलही लागत नाही.”

“म्हनजे वाशीमले?” हा प्रवास आंतरराष्ट्रीय असूनही आपल्या आवाक्यातला आहे, असं काकांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं. काकूंचं मन मात्र हॉटेलच्या खोलीत अडकलं होतं. तिथं गरम पाणी येत असेल ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

अखेर विमान ८.४५ला सुटणार, अशी घोषणा झाली. लोक रांगेकडे धावले. काका बोटांवर तास मोजत गेटवर गेले.

“बाई, घाई नोका करू. अजून धा मिनिटं थांबवा. सहा तास भरले तं खोली लागू होते आमची.”